हजार टनांत पंधरा ग्रॅम!

धान्यावरची बुरशी डोळ्यांना दिसते, तिने सोडलेलं विष दिसत नाही. ते शोधायचं कसं, त्यात पुण्याचा वाटा काय आणि आपल्या डब्यातल्या दाण्यांशी त्याचा संबंध किती, याची ही खमंग शिदोरी.

मुठीत न मावणारी गोष्ट

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसार विभागात दहा टनांचा ट्रक लागतो. हमाल कट्टे उतरवू लागतात. खरेदीदाराचा माणूस एका पोत्यात टोकदार नळी खुपसतो, तळहातावर मूठभर दाणे घेतो, नाकाशी नेतो, एक दाणा दाताखाली धरतो. कटकन फुटला तर माल वाळलेला. ओल, कीड, खडे, कुबट वास, सगळं त्या एका मुठीत कळतं. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष मात्र कळत नाही.

भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, तृणधान्यं आणि डाळींसाठी अफ्लाटॉक्सिनची मर्यादा ठरवली आहे किलोमागे १५ मायक्रोग्रॅम. हिशेब मांडून पाहा. हजार टनांत पंधरा ग्रॅम. त्या दहा टनांच्या अख्ख्या ट्रकमध्ये मिळून ०.१५ ग्रॅम. एवढ्याशा मात्रेला ना रंग, ना वास, ना चव. युरोपची मर्यादा याहून कडक: थेट खायच्या तृणधान्यात सगळी अफ्लाटॉक्सिनं मिळून ४ मायक्रोग्रॅम, आणि त्यातल्या सर्वांत घातक प्रकाराला फक्त २.

एक लाख टर्की आणि एक जहाजभर पेंड

जगाला हे विष कळलं ते १९६० साली, इंग्लंडमध्ये. तिथे टर्की कोंबड्यांची एक लाखाहून जास्त पिल्लं पटापट मेली. विषाणू सापडेना, जिवाणू सापडेना. रोगाला नाव तरी काय द्यायचं? ‘टर्की एक्स’ म्हणून मोकळे झाले. माग काढत संशोधक पोचले ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत. पेंडीवर वाढली होती अस्परजिलस फ्लेव्हस ही पिवळसर हिरवी बुरशी.

याच बुरशीची एक अगदी जवळची नातलग जपानमध्ये शतकानुशतकं माणसाळवली गेली आहे. अस्परजिलस ओरायझी तिचं नाव. सोया सॉस आणि मिसो तिच्यावाचून होत नाहीत. ती विष तयार करत नाही.

निळं, हिरवं आणि दुधातलं

अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली धरलं की अफ्लाटॉक्सिन चमकतं. काही निळं, काही हिरवं. म्हणून निळ्याला ‘बी’, हिरव्याला ‘जी’. गाई-म्हशींनी ‘बी-वन’ खाल्लं की दुधात उतरतं त्याचं बदललेलं रूप, ते ‘एम-वन’. साठच्या दशकातले शास्त्रज्ञ या चमकेवरच विष मोजत. आजच्या महागड्या यंत्रांतही तीच चमक मोजली जाते, फक्त मोजणारं डोळ्याऐवजी यंत्र असतं.

एक सावधगिरीची गोष्ट. मक्याचे दाणे अतिनील दिव्याखाली कधी कधी पिवळट हिरवे चमकतात. ती चमक अफ्लाटॉक्सिनची नसते. त्याच बुरशीने तयार केलेल्या कोजिक आम्लापासून ती येते. तिचा अर्थ एवढाच, की बुरशी इथे येऊन गेली आहे. विष आहे की नाही, हे पुढची चाचणी सांगणार. अतिनील दिवा विकत घेऊन घरच्या डाळी तपासणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं.

कुत्र्यांनी आधी सांगितलं होतं

हा प्रसंग चटपटीत नाही, पण तो सांगितल्याशिवाय बाकीचं का सांगतो आहे ते कळणार नाही. १९७४च्या अखेरीला गुजरातमधल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाडा या आदिवासी जिल्ह्यांत कावीळ पसरली. पोटात पाणी होऊन माणसं दगावू लागली. ३९७ जण आजारी पडले, १०६ गेले. माणसांच्या आधी गावातली कुत्री तशाच लक्षणांनी मेली होती. घरातला उरलासुरला घास तीच खात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या पथकाने घराघरांतला मका तपासला. कणसं तयार होताना अवकाळी पाऊस झाला होता आणि ओला मका तसाच साठवला गेला होता. त्यात अफ्लाटॉक्सिन निघालं किलोमागे सव्वासहा ते साडेपंधरा मिलिग्रॅम. आजच्या मर्यादेच्या चारशे ते हजार पट! हा अहवाल १९७५ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि आजही जगभरच्या पुस्तकांत त्याचा दाखला देतात. तीस वर्षांनी, २००४ साली, केनियात अगदी हेच घडलं. तेव्हाही मकाच होता, १२५ माणसं गेली.

या विषाची खोच आपल्याच यकृतात आहे. आलेलं विष बाहेर टाकायला यकृत त्याचं रूप पालटू लागतं आणि त्या खटपटीतच असा रेणू तयार होतो, जो पेशीच्या डीएनएला जाऊन चिकटतो. म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवतं हे सिद्ध झालेल्या पदार्थांत, बसवलं आहे. थोडं थोडं, पण वर्षानुवर्षं पोटात जाणारं विष जास्त काळजीचं आहे ते यामुळेच.

काळी ज्वारी, पांढरी ज्वारी

खरिपाच्या ज्वारीचं कणीस भरलं आणि परतीच्या पावसाने गाठलं, की दाणा काळा पडतो. शेतकऱ्याचा भाव पडतो, भाकरी कडवट लागते. गंमत अशी, की दाणा काळा करणाऱ्या कर्व्ह्युलारियासारख्या बुरश्या वेगळ्या आणि फ्युमोनिसिन नावाचं विष तयार करणारी फ्युजेरियम वेगळी. फ्युजेरियमची वाढ पांढरट गुलाबी दिसते. म्हणजे सगळ्यांत काळा दाणा सगळ्यांत विषारी असेलच असं नाही, आणि फिकट गुलाबी झाक ‘एवढं काय त्यात’ म्हणून सोडायची नाही.

१९९५ साली दख्खनच्या पठारावर आंध्र आणि कर्नाटकातल्या सत्तावीस गावांत पावसाने भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांची पोटं बिघडली. पोटात कळा, गुडगुड, जुलाब. धान्यात फ्युमोनिसिन सापडलं. ते धान्य खाणं थांबवल्यावर माणसं बरी झाली.

मग पुण्या-सोलापूरकडे भाकरीला मालदांडीच का हवी, याचं चवीपलीकडचं एक उत्तर मिळतं. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेलं मालदांडी ३५-१ हे वाण रब्बीचं. त्याचं कणीस पिकतं ते कोरड्या हवेत, पाऊस संपून महिने लोटल्यावर. बुरशीला हवा असलेला ओलावाच मिळत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या टपोऱ्या मोतिया दाण्याच्या कौतुकात या कोरड्या हवेचाही वाटा आहे.

बाजरी, मीठ आणि एक बादली पाणी

सर्वांत स्वस्त चाचणी पाहायची असेल तर बाजरीच्या शेतकऱ्याकडे जा. बाजरीवर अरगट नावाचा बुरशीरोग पडतो. आधी कणसातून मधासारखा चिकट द्रव पाझरतो, म्हणून कुणी त्याला चिकटा म्हणतात. मग दाण्याच्या जागी काळपट, लांबट गाठी धरतात. त्या पिठात गेल्या की मळमळ, उलट्या, चक्कर, गुंगी. तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात बाजरीतून अशी विषबाधा पसरल्याचा शोधनिबंध १९५८ साली प्रसिद्ध झाला आहे. युरोपातल्या राय धान्यावरचं अरगट याहून क्रूर. त्याने मध्ययुगात लोकांची बोटं काळी पडून गळत.

उपाय काय? दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ. त्यात बियाणं ओतलं की अरगटाच्या गाठी आणि पोचट दाणे वर तरंगतात, निरोगी बाजरी तळाशी बसते. वरचं काढून जाळायचं, खालचं दोन-तीन पाण्यांनी धुऊन सावलीत वाळवायचं. कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत हे वीस टक्के मिठाचं पाणी आजही आहे. कायद्यात अरगटाची मर्यादा आहे वजनाच्या ०.०५ टक्के, म्हणजे किलोभर धान्यात अर्धा ग्रॅम.

पुण्यात बुरशीचं ग्रंथालय आहे

गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावरच्या आघारकर संशोधन संस्थेत देशाचा राष्ट्रीय कवक संग्रह आहे. हजारो जिवंत बुरश्या तिथे नावानिशी, क्रमांकानिशी जपलेल्या आहेत. ही संस्था १९४६ सालची. वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे एस. एल. आजरेकरांच्या नावाने. याच आजरेकरांनी १९२६ साली ज्वारीवरच्या चिकट्याबद्दल शोधनिबंध लिहिला होता. शंभर वर्षांपूर्वी मराठी मुलखातला एक माणूस ज्वारीच्या कणसातला तो चिकट थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता, याचं मला फार अप्रूप वाटतं. एखादी बुरशी विषारी जातीची आहे का, हे ठरवायला तुलनेसाठी खात्रीचा नमुना लागतोच. तो असा कुणी तरी जपलेला असतो.

पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही उद्योगोपयोगी सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह आहे. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात निर्यातीच्या द्राक्षांमधले कीटकनाशकांचे अंश शोधणारी देशाची संदर्भ प्रयोगशाळा आहे. किलोमागे मायक्रोग्रॅमच्या हिशेबाची पुण्याला सवय लागली ती अशा ठिकाणी. आणि अन्नभेसळ कायद्याच्या काळात देशात ज्या चार केंद्रीय अन्न प्रयोगशाळा होत्या, त्यांतली एक पुण्याची राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा. कोर्टात वाद गेला की शेवटचा शब्द तिथल्या अहवालाचा असे.

बुरशीची दुसरी बाजूही याच गावाने पाहिली. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि वर्षभरात तिथे पेनिसिलिन बनू लागलं. तेही बुरशीचंच देणं! पुढे त्याच आवारात एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी हॅमायसिन आणि ऑरिओफंजिन ही बुरशीला मारणारी औषधं शोधली. ऑरिओफंजिन तर पिकांवर फवारायलाही वापरलं गेलं.

एक दाणा, तीस किलो

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. चाचणी चुकते ती बहुतेक वेळा यंत्रात नाही, पोत्यापाशी. विष सगळ्या मालात सारखं पसरलेलं नसतं. शेंगदाण्यांत तर हजारो दाणे निर्मळ आणि एखादाच जहर असं असतं. एकेका दाण्यात किलोमागे दहा लाख मायक्रोग्रॅमपर्यंत तीव्रता मोजली गेली आहे. असा अर्ध्या ग्रॅमचा एकच दाणा तीस किलोंचा कट्टा मर्यादेबाहेर नेऊ शकतो. तो मुठीत आला तर अख्खा माल बाद, नाही आला तर अख्खा माल पास, आणि दोन्ही निकाल चुकीचे.

म्हणून युरोपीय नियम मोठ्या खेपेतून शंभर ठिकाणांहून थोडं थोडं काढायला सांगतात. धान्याचा एकत्र नमुना दहा किलोंचा, शेंगदाण्याचा वीस किलोंचा. तो सगळा दळायचा, नीट कालवायचा आणि मग त्यातला चमचा-दोन चमचे तपासायला घ्यायचा. माझं स्पष्ट मत आहे: मूठभर नमुन्यावरच्या चकचकीत अहवालापेक्षा नीट काढलेल्या नमुन्यावरची साधी चाचणी कधीही जास्त भरवशाची.

प्रयोगशाळेच्या टेबलावर

दळलेल्या नमुन्यातलं २५ ग्रॅम पीठ घेतात. मिथेनॉल आणि पाण्याच्या मिश्रणात जोरात हलवतात, विष त्या द्रवात उतरतं. गाळून घेतलेला द्रव करंगळीएवढ्या एका नळीतून थेंब थेंब सोडतात. नळीत अफ्लाटॉक्सिनलाच पकडणाऱ्या अँटीबॉडीज बसवलेल्या असतात. पिठाचा रंग, तेल, प्रथिनं सगळं वाहून जातं, विष तेवढं अडकून राहतं. मग शुद्ध मिथेनॉल सोडून ते सोडवून घ्यायचं आणि एचपीएलसी यंत्रात घालायचं. यंत्र बी-वन, बी-टू, जी-वन, जी-टू असे चौघे वेगळे करतं आणि प्रत्येकाची चमक मोजतं. बी-वन आणि जी-वन पाण्याच्या सान्निध्यात मंद चमकतात, म्हणून त्यांच्यावर आधी एक छोटी प्रक्रिया करून त्यांची चमक वाढवावी लागते. तुलनेसाठी ठेवलेलं प्रमाणित विष तपकिरी कुपीत असतं, कारण उजेडाने ते खराब होतं. काम संपल्यावर भांडी ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवतात. विषाचा अंश तसा नष्ट होतो.

याहून मोठी यंत्रं, एलसी-एमएस-एमएस नावाची, एकाच नमुन्यात डझनावारी विषं शोधतात: अफ्लाटॉक्सिन, फ्युमोनिसिन, ऑक्राटॉक्सिन, आणि गव्हातलं डीऑक्सिनिव्हॅलेनॉल. या शेवटच्याला गव्हात मर्यादा आहे किलोमागे १००० मायक्रोग्रॅम, ऑक्राटॉक्सिनला २०.

दोन रेघा? मग शाब्बास!

गोदामातच दहा-एक मिनिटांत निकाल हवा असेल तर पट्टी मिळते. कोविडच्या घरगुती चाचणीसारखीच दिसते. पण वाचायची उलटी! कोविडच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या की लागण. इथे दोन रेघा उमटल्या की माल चांगला आणि चाचणीची रेघ फिकी पडली किंवा गायब झाली की माल संशयास्पद. अफ्लाटॉक्सिनचा रेणू इतका लहान, की तो एका वेळी एकाच अँटीबॉडीच्या हाती लागतो. नमुन्यात विष असेल तर ते पट्टीवरच्या रंगीत अँटीबॉडीज आधीच अडवून ठेवतं, रेघ उमटवायला कुणी उरतच नाही. ही एक गोष्ट माहीत नसल्याने पट्टी उलटी वाचली जाऊ शकते, म्हणून धान्याचा व्यवहार करणाऱ्यांनी ती पाठच करावी.

तव्यावर नाही मरत

भाकरी खरपूस भाजा, डाळ चार शिट्ट्या जास्त शिजवा, बुरशी मरते, विष राहतं. अफ्लाटॉक्सिन मोडायला अडीचशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. शेंगदाणे भाजल्याने थोडं कमी होतं, पूर्ण जात नाही. तेलाचं रिफायनिंग करताना अल्कलीची प्रक्रिया होते, त्यात ते निघून जातं. तेल काढताना बहुतेक विष पेंडीतच राहतं. आणि पेंड कुठे जाते? गोठ्यात.

पेंड ते पेला

सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, भिजलेला मका. जनावराने बी-वन खाल्लं, की त्याचा साधारण एक ते तीन टक्के भाग एम-वन होऊन दुधात उतरतो, तोही दिवसाच्या आत. दूध उकळून तो जात नाही. चांगली बातमी ही, की खराब पेंड थांबवली की काही दिवसांत दूध पुन्हा निर्मळ होतं. एम-वन दुधातल्या केसिन प्रथिनाला धरून राहतं, म्हणून पनीर आणि चीजमध्ये ते एकवटतं, लोण्या-तुपात मात्र फारच थोडं जातं.

एफएसएसएआयने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यांतल्या ३६८ नमुन्यांत एम-वन किलोमागे अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं. पाणी घातलेल्या दुधावर आपण तावातावाने बोलतो. पेंडीवर कुणी बोलत नाही. बोललं पाहिजे.

घरच्या घरी

एक कोरडी काचेची बाटली घ्या. तिच्यात मूठभर धान्य आणि थोडं सुकं मीठ घाला, झाकण लावून हलवा आणि थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर धान्यात पंधरा टक्क्यांहून जास्त ओल आहे, अजून ऊन दाखवा. मीठ चिकटलं नाही तर साठवायला हरकत नाही. तरी वर्षाचं धान्य भरायचं तर बारा टक्क्यांच्या खालीच बरं, आणि शेंगा त्याहूनही कोरड्या, आठ-नऊ टक्क्यांच्या.

शेंगदाणे निवडताना आजी सुरकुतलेला, काळपटलेला, कोंब फुटलेला दाणा बाजूला काढायची, ते शास्त्राला धरून होतं. विषाचा मोठा वाटा नेमका अशाच दाण्यांत असतो. कारखान्यातलं ‘सॉर्टेक्स’ रंग पाहून हेच काम करतं. उपासाच्या खिचडीसाठी दाण्याचं कूट विकत आणण्यापेक्षा दाणे आणून, निवडून, घरी कुटलेले बरे, कारण कुटात कुठला दाणा गेला ते कुणालाच दिसत नाही. दाणा खाताना कडू लागला तर गिळू नका, थुंका. खवटपणा हा तेल जुनं झाल्याचा, तो वेगळा. पण कडू, बुरसट चव लागली तर शंका घ्यायलाच हवी.

पुण्याच्या पावसाळ्यात हवाच ओली. जूनच्या आधी वाळवणाचं ऊन दाखवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरलेलं धान्य टिकतं. डबे भिंतीला टेकवून, थेट फरशीवर ठेवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये शेंगदाणे, मका, पिठं पंधरवड्याला पुरतील एवढीच आणा. ओला चमचा पिठाच्या डब्यात घालू नका.

आणि एक कळकळीची विनंती. बुरशी आलेली भाकरी, भिजलेलं धान्य, खराब दाणे आपण खात नाही, पण ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून गाईपुढे किंवा दारच्या कुत्र्यापुढे ठेवतो. अमेरिकेत २००५ साली अफ्लाटॉक्सिन असलेलं तयार खाद्य खाऊन शंभराहून जास्त कुत्री मेली. गाईच्या पोटात गेलेलं विष तर तिच्या दुधातून थेट घरात येतं. म्हणून बुरसटलेलं अन्न कुठल्याच तोंडापुढे ठेवू नका, ओल्या कचऱ्यात टाका.